समुद्राकडे पाठ असलेली घरं

तात्या चहाची पत्ती तीनदा उकळायचे. पहिल्या उकळीचा चहा पेल्यात ओतला की त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, पुन्हा साखर, पुन्हा उकळी. मग तिसऱ्यांदा तेच. घरातल्या बायकांना वाटायचं, म्हातारा पत्ती वाचवतोय. माण तालुक्यातलं घर. पाण्यापासून पिठापर्यंत सगळं पुरवून वापरायची सवय, त्यामुळे कारण कुणी विचारलं नाही.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं आणि तीस हजारांहून जास्त सैनिक एका दिवसात कैदी झाले, त्यांत तेही होते. पुढे इटलीतली कैद, मग घर, पेन्शन, बैलजोडी, विहीर. लढाईबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. बोलायचे ते अंड्यांबद्दल. "कुठं काय नाय. झाड नाय, भिंत नाय, मैलन् मैल वाळू. आन् चहाचं आधण ठेवलं की समोर मानूस हुबा. कुठनं आला म्हनायचं ह्यो? झग्याच्या घोळात अंडी. तू मूठभर पत्ती दे, त्यो अंडी द्यायचा. येक फुटलेलं नसायचं."

लहानपणी ही गोष्ट मला परीकथेसारखी वाटायची. वाळूतून उगवणारी आणि अंडी देऊन पुन्हा वाळूत विरघळणारी माणसं! ती माणसं कोण होती, कुठे राहायची, कोंबड्या कुठे पाळायची, हे विचारायचं वय आलं तोवर तात्या गेले होते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं अलेक्झांड्रियात राहिलो. त्याचा एक सहकारी मर्सा मतरूहकडचा, अवलाद अली जमातीचा. ऑफिसातले बाकीचे लोक त्याला "अरब" म्हणायचे. मला कळेना, कारण मला तर सगळेच अरब. हळूहळू उलगडलं. या किनाऱ्यावरचे बेदुइन, म्हणजे वाळवंटातले मेंढपाळ लोक स्वतःला "अरब" म्हणतात, आणि नाईलच्या खोऱ्यातले ते "मसरी", म्हणजे इजिप्ती, नाहीतर सरळ "फल्लाहीन", म्हणजे शेतकरी. एका देशाच्या एका पासपोर्टवर दोन माणसं एकमेकांना अशी वेगळी ओळखतात. त्याची भाषाही वेगळी होती. कैरोकडचे लोक हृदयाला "अल्ब" म्हणतात, तो "गल्ब" म्हणायचा. बोलीचा पोत लिबियाकडचा. नोव्हेंबरात त्याने आम्हाला घरी बोलावलं. "आईला भेटा," म्हणाला, "पाऊस पडला तर बघाल, नाही पडला तर जेवाल."

अलेक्झांड्रियाहून मर्सा मतरूह पश्चिमेला जवळजवळ तीनशे किलोमीटर. रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. उजव्या हाताला भूमध्य समुद्र, डाव्या हाताला ओसाड पठार, मधे चुनखडीचे लांबट उंचवटे. हे उंचवटे जुन्या किनाऱ्यांच्या वाळूच्या टेकड्या आहेत, काळाच्या ओघात दगड झालेल्या. इथली वाळू डोळे दिपवणारी पांढरी. आपल्याकडची वाळू दगड झिजून होते. हिचे बरेचसे कण समुद्राच्या पाण्यातला चुना थरावर थर बसून तयार झालेले, मोहरीपेक्षा बारीक गोळे. त्या पांढऱ्या तळामुळेच पाण्याला तो निळा-हिरवा रंग येतो, जो फोटोत खोटा वाटतो आणि समोर पाहिल्यावर त्याहून खोटा वाटतो.

पन्नासेक किलोमीटरवर अबूसीरला एक प्राचीन मनोरा उभा आहे. अलेक्झांड्रियाच्या जगप्रसिद्ध दीपस्तंभाची ती छोटी प्रतिकृती मानली जाते. समुद्रावरून जाणारे खलाशी त्याला "अरबांचा बुरूज" म्हणायचे, आणि जवळच्या गावाचं नाव पडलं बुर्ग अल-अरब. बुर्ग म्हणजे बुरूजच. शब्द इतका ओळखीचा की गाडीतल्या गाडीत घरी आल्यासारखं वाटलं.

एल अलामीनला थांबलो. दुसऱ्या महायुद्धातली मोठी लढाई इथे झाली, थांबणं भागच होतं. राष्ट्रकुलाच्या दफनभूमीत सात हजारांवर थडगी आहेत, त्यांतल्या आठशेहून अधिक दगडांवर नाव नाही. ज्यांचा देहच सापडला नाही अशा साडेअकरा हजारांहून जास्त जणांची नावं भिंतींवर कोरली आहेत. आणि एका बाजूला, ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला त्या सहाशेहून अधिक सैनिकांचं वेगळं स्मारक. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची अक्षरं दिसली आणि मी बोट लावून एकेक आडनाव वाचत गेले. आमच्या पंचक्रोशीतली आडनावं. तात्यांचं नाव तिथे नाही, कारण तात्या परत आले. तिथे उभं राहून मला पहिल्यांदा जाणवलं की तात्यांना बोलायला अंड्यांखेरीज दुसरं काही उरलंच नसेल.

त्या दफनभूमीत एकाही अवलाद अलीचं नाव नाही. लढाई त्यांच्या कुरणांवर झाली, त्यांच्या विहिरींवर, त्यांच्या सातूच्या वाफ्यांवर. ब्रिटिश, जर्मन, इटालियन फौजा दोन वर्षं पुढे-मागे सरकत राहिल्या आणि जाताना जमिनीत सुरुंग ठेवून गेल्या. जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेने अलामीनपुढे पेरलेल्या सुरुंगपट्ट्यांना "सैतानाच्या बागा" म्हणत. फौजा गेल्या, बागा राहिल्या. मेंढरामागे जाणाऱ्या पोरांचे पाय त्या बागांत पुढची कित्येक दशकं तुटत राहिले.

अलामीनच्या पुढे समुद्र दिसेनासा झाला. तो शंभर पावलांवर असतो, पण दिसत नाही. भिंती लागतात, मग कमानी, मग पहारेकऱ्यांच्या चौक्या, मग पुन्हा भिंती. १९८० च्या दशकापासून इथे सुट्टीतल्या वसाहती उभ्या राहत गेल्या. कैरोतली सधन कुटुंबं जून ते सप्टेंबर इथे येतात. नोव्हेंबरात सगळं रिकामं. बंद खिडक्या, झाकलेले पोहण्याचे तलाव, आणि हिवाळ्यातल्या निर्मनुष्य हिरवळीवर चालू असलेले पाण्याचे फवारे. त्या फवाऱ्यांकडे मला बघवेना. माणदेशातल्या माणसाला ते बघवत नाही. नव्या अलामीनचे काचेचे मनोरे तर मैलभर आधीपासून दिसतात. पुढे रास अल-हिक्मा. फेब्रुवारी २०२४ मध्ये इजिप्तने तिथली सुमारे १७० चौरस किलोमीटर जमीन संयुक्त अरब अमिरातीच्या गुंतवणुकीसाठी दिली, ३५ अब्ज डॉलरचा करार. एवढ्या पैशाने देशाचं कोसळू पाहणारं चलन सावरलं, हेही खरं आहे. पण त्या १७० चौरस किलोमीटरवर अंजिराची झाडं लावलेली माणसं होती.

मधे दाबा लागतं. तिथे रशियाच्या मदतीने अणुवीज केंद्र उभं राहतंय, १,२०० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. जागा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरली होती. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या अवलाद अलींनी कुंपण ओलांडून जमिनीवर पुन्हा ताबा घेतला, २०१३ मध्ये वाटाघाटीनंतर परत केला, आणि २०२२ च्या जुलैत पहिल्या अणुभट्टीचं काँक्रीट पडलं. आमचा यजमान गाडी चालवत होता. त्याने कुंपणाकडे पाहून फक्त "आमच्या मावशीचं तिकडे होतं" एवढंच सांगितलं. काय होतं, ते बोलला नाही.

मर्सा मतरूह म्हणजे "मतरूहचं बंदर". नैसर्गिक खडकांच्या रांगेमागे शांत खाडी, म्हणून हजारो वर्षं जहाजं इथे आसऱ्याला येत. ग्रीक लोक या गावाला पारेतोनिअम म्हणायचे. इसवी सनपूर्व ३३१ मध्ये अलेक्झांडर आतल्या वाळवंटातल्या सिवाच्या देववाणीला कौल लावायला निघाला, तेव्हा इथूनच आत वळला. क्लिओपात्राचं स्नानगृह म्हणून दाखवतात तो खडकातला डोह, रोमेलची गुहा, अजीबाचा कडा, हे सगळं आम्ही एका दुपारी पाहिलं. सुंदर आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला बाजार आवडला. लिबियाकडून आलेला माल, ऑलिव्हचं तेल, सिवाचे खजूर, वाळवलेला पुदिना, रानओव्यासारख्या वासाची एक झुडपी वनस्पती. काळं डोकं आणि पांढरं अंग असलेल्या मेंढ्या. त्यांना "बरकी" म्हणतात, बरका म्हणजे पूर्व लिबियातल्या प्रदेशावरून. अवलाद अलीही तिकडूनच आले. अकराव्या शतकात बनू सुलैम नावाच्या अरब टोळ्या बरकात उतरल्या, त्यांच्या वंशातले हे लोक पुढे पूर्वेकडे सरकत अलेक्झांड्रियाच्या वेशीपर्यंत पसरले. मेंढीचं नाव अजून मागच्या मुलुखाचं. आमच्याकडच्या माडग्याळी मेंढ्या आठवल्या. मेंढपाळ कुठेही जावो, मेंढीच्या नावात गाव राहतं.

यजमानाचं घर शहराच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून थोडं आत, एका उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर. काँक्रीटचं एकमजली घर, कडेला अंजीर, मागे मेंढ्यांचा गोठा. मी गाडीतून उतरले आणि समुद्र शोधू लागले. नव्हता. दारं दक्षिणेकडे, खिडक्या दक्षिणेकडे, ओटा दक्षिणेकडे. उत्तरेच्या भिंतीला एक झरोकाही नव्हता.

"इथून समुद्र दिसत नाही?" मी विचारलं.

"छतावरून दिसतो," यजमान म्हणाला. "छतावर कोण जातं?"

मग त्याने समजावलं. हिवाळी वारा वायव्येकडून येतो, हाडं गोठवणारा. तंबूत राहायचे तेव्हाही तंबूची पाठ समुद्राकडे असायची. तंबू गेले, घरं आली, पण पाठ तशीच राहिली. त्याच्या लहानपणी घरात मासे कधी शिजले नव्हते. समुद्रात उतरायचे ते परदेशी. शंभर वर्षांपूर्वी ग्रीक पाणबुडे इथे स्पंज काढायला येत. अवलाद अली मात्र किनाऱ्याला राहूनही दर्यावर्दी झालेच नाहीत. त्यांना समुद्राचा उपयोग एकच: पाऊस तिकडून येतो.

वर्षाला जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिमीटर पाऊस, तोही किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात. वीस-तीस किलोमीटर आत गेलं की तोही नाही. माणमध्ये आम्ही साडेचारशे-पाचशेला दुष्काळ म्हणतो. आणि एवढ्या पावसावर हे लोक सातू घेतात. नोव्हेंबरात पहिली सर आली की नांगर, मग देवावर हवाला, आणि एप्रिल-मेच्या सुमाराला हाताने उपटून काढायचं. पाऊस चुकला तर उभं पीक मेंढ्यांना. म्हणजे "भूमध्य समुद्राकाठचं सुंदर शहर" असं आपण ज्याला म्हणतो, ती त्यांच्या लेखी पावसाची एक अरुंद पट्टी आहे. मला हे लख्ख समजलं. सुट्टीच्या वसाहतीतल्या कुणालाही समजलं नसतं इतकं.

दारातच आमची फाळणी झाली. नवरा "मरबूआ"त गेला. ही पुरुषांची बैठकीची खोली, घराला जोडलेली पण वेगळ्या दाराची, भिंतीलगत गाद्या, मधे मोकळा गालिचा. पाहुणा आला की तीन दिवस त्याला कारण विचारायचं नाही, असा जुना संकेत. मला यजमानाच्या बायकोने हात धरून आत नेलं. ती अलेक्झांड्रियाला शिकलेली, शाळेत शिक्षिका. आमचं बोलणं तिच्या इंग्रजीतून आणि माझ्या मोडक्या अरबीतून चाललं.

आत हाज्जा बसल्या होत्या. यजमानाच्या आई. वय सत्तरीच्या पलीकडे, हनुवटीवर निळं गोंदण, काळा पदर, कमरेला लाल लोकरी पट्टा. या लाल पट्ट्याचं मला नंतर कळलं: लग्न झालेली बाई तो बांधते, आणि न बांधता पुरुषांसमोर येणं म्हणजे लाजिरवाणं. माझ्या आजीचं कुंकू आणि हाज्जांचा पट्टा. त्यांनी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवर बोट फिरवलं आणि सुनेला काहीतरी विचारलं. सून म्हणाली, "विचारतायत, हे तुमच्याकडचं तेच का?" मी हो म्हणाले. पुढे त्यावर काही बोलायची गरज पडली नाही.

मग चहा आला. आला म्हणजे तिथेच मांडला गेला. निखाऱ्यांचं शेगडीसारखं भांडं, त्यावर छोटी निळी चहादाणी, ताटलीत बोटभर उंचीचे काचेचे पेले. पहिली उकळी कडक, जवळजवळ कडू, उंचावरून ओतून फेस आणलेला. मी प्याले. हाज्जांनी त्याच पत्तीवर पाणी घातलं, साखर घातली, पुन्हा ठेवलं. मी पाहत राहिले. दुसरा पेला. पुन्हा पाणी, साखर, वर पुदिन्याची काडी. तिसरा पेला, गोड आणि हलका.

मला रडू आलं. सुनेला वाटलं चटका बसला. मी सांगायचा प्रयत्न केला. माझ्या आजोबांचे भाऊ, सैनिक, तोब्रुक, मोठी लढाई, चहा, तीनदा. आणि मग अंडी. "बैद" हा शब्द मला येत होता. "बैद, शाही," मी म्हणाले, आणि हातांनी दिल्या-घेतल्याची खूण केली.

हाज्जा ताठ बसल्या. सुनेने त्यांचं बोलणं वाक्यावाक्याने माझ्याकडे आणलं. त्यांचा जन्म लढाईनंतरचा. पण आई सांगायची. तिच्या माहेरचा तंबू तेव्हा पूर्वेला हलवावा लागला होता, मेंढ्या निम्म्या गेल्या, सातू पेरायला मिळाला नाही. चहा आणि साखर कुठेच नव्हती, आणि होती ती फक्त सैनिकांकडे. म्हणून आजी कोंबड्यांना स्वतःच्या वाटणीचे दाणे घालायची. अंडी साठली की मामा घेऊन जायचा. कुठल्या फौजेकडे जातोय ते बघायचा नाही, धूर दिसेल तिकडे जायचा. "आई म्हणायची," सुनेने सांगितलं, "काळे-सावळे सैनिक चहा जास्त द्यायचे. गोरे मोजून द्यायचे."

मी ते आजवर पन्नासवेळा तरी मनात घोळवलंय. हाज्जांचा मामा आणि तात्या समोरासमोर आले असतील असं मी म्हणत नाही. ते शक्यही नाही, आणि तशी गरजही नाही. पण अंडी घेऊन येणाऱ्या अशाच कुणीतरी तात्यांना थांबवून घेऊन, निखाऱ्यावर तीन उकळ्यांचा चहा करायला शिकवलं असणार. एका बाजूला दुसऱ्याची लढाई लढायला आलेला दुष्काळी शेतकरी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या लढाईने उठवलेला दुष्काळी मेंढपाळ. मूठभर पत्तीपुरते ते शेजारी बसले. मरेपर्यंत तात्या तो चहा करत राहिले, आणि आम्ही त्याला चिक्कूपणा म्हणालो.

दुपारी सून मला टाकं दाखवायला घेऊन गेली. उतारावर खडकात कोरलेलं तोंड, आत अंधारात घंटेच्या आकाराची पोकळी. रोमन काळातलं, तिने सांगितलं. या किनाऱ्यावर अशी असंख्य टाकी आहेत. शतकानुशतकं गाळाने भरलेली, मग कुणीतरी उपसली, गिलावा केला, आणि पुन्हा वापरात आणली. वरच्या उतारावर दगडांच्या लांब ओळी, पावसाचं पाणी वळवून तोंडाशी आणण्यासाठी. मी वाकून आत पाहिलं. तळाला जेमतेम हातभर पाणी. "हे कुणाचं?" मी विचारलं. "ज्यांनी उपसलं त्यांचं," ती म्हणाली.

यात त्यांच्या सगळ्या जमीनकायद्याचं मूळ आहे. इजिप्तच्या कायद्याने वाळवंटाची जमीन सरकारची. अवलाद अलींच्या "उर्फ"प्रमाणे, जो टाकं उपसतो, जो नांगरतो, जो अंजीर-ऑलिव्ह लावतो, त्याची. उर्फ म्हणजे रूढी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. आपण "अमुक उर्फ तमुक" म्हणतो तो हाच शब्द, लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव. मला हे फार अर्थपूर्ण वाटलं. कागदावर जमीन सरकारची, उर्फ मावशीची. कागद आणि उर्फ समोरासमोर आले की काय होतं, ते दाबाला पाहिलं होतं.

उर्फाची चांगली बाजूही आहे आणि कठोर बाजूही. खून झाला तर मारणाऱ्याचं कुटुंब रातोरात उठून तिसऱ्या कुणाच्या आश्रयाला जातं. याला "नजाला" म्हणतात. आश्रय देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. रक्त थंड होईपर्यंत ते तिथेच राहतात, दरम्यान वडीलधारे बसून भरपाई ठरवतात. एकाच्या हातून घडलं तर सगळ्या भावकीने घर सोडायचं, हे मला अन्यायाचं वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं. सून म्हणाली, "मलाही वाटतं. पण पोलिसांनी एकाला नेलं असतं आणि पुढच्या वर्षी दुसरा मेला असता." मी गप्प बसले. मला ते अजूनही पटलेलं नाही.

परत येताना गोठ्यापाशी एक वृद्ध पुरुष दिसले, कुबडीवर, एक पाय गुडघ्यापासून नाही. हाज्जांचे मोठे भाऊ. नऊ-दहा वर्षांचे असताना मेंढ्यांमागे गेले होते. लढाई थांबून तेव्हा बराच काळ लोटला होता. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली, मीही.

रात्री जेवणं झाल्यावर बायका-बायकाच उरलो. हाज्जा, सून, दोन नणंदा, शेजारच्या एक विधवा आणि मी. बोलणं कोकरांच्या किमतींवरून कुणाच्या लग्नावर गेलं. शेजारणीच्या नवऱ्याला जाऊन सहा महिने झाले होते, असं मला सुनेने हळूच सांगितलं. पण बाई तर हसत होती, धान्याचा भाव सांगत होती. मला जरा विचित्र वाटलं. आणि मग बोलता बोलता, आवाज न बदलता, नजर निखाऱ्यावर ठेवून तिने दोन ओळी गुणगुणल्या. अर्धवट, एकच शब्द पुन्हा पुन्हा घोळवत. सगळ्या क्षणभर थांबल्या. हाज्जांनी जिभेने हलका "च्" केला. मग बाईने पुन्हा धान्याचा विषय काढला.

हाच गिन्नावा. शब्दाचा अर्थ छोटंसं गाणं. जेमतेम दोन ओळींचं. अवलाद अलींमध्ये स्वतःचं दुःख उघड बोलणं हलकेपणाचं मानतात. बाईने नवऱ्यावरचं प्रेम बोलून दाखवणं तर मर्यादा सोडल्यासारखंच. पण तेच गिन्नाव्यात आलं तर चालतं. लैला अबू-लुग़ोद या मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या अखेरीला याच किनाऱ्यावर एका अवलाद अली कुटुंबात लेकीसारख्या राहिल्या होत्या. त्यांनी हेच टिपलं: जी बाई दिवसा "मला काही वाटत नाही" म्हणते, तीच संध्याकाळी गिन्नाव्यात कोसळते. दोन्ही खरं असतं. कविता म्हणणाऱ्या बाईला त्यावरून कुणी जाब विचारत नाही.

"काय म्हणाली ती?" मी सुनेला विचारलं. ती जरा घुटमळली. मग तिने सांगितलं ते साधारण असं: मनाला मी समजावलं होतं, डोळ्यांना सांगायचं राहून गेलं. मनाला तिने वापरलेला शब्द होता "अगल". आपली अक्कल. या लोकांत अगल म्हणजे स्वतःवरचा ताबा, माणसाची प्रतिष्ठा त्यावरच ठरते. आणि प्रिय माणसाला, ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला, "अजीज". हेही आपल्याला परकं नाही.

हाज्जा माझ्याकडे वळल्या. सून म्हणाली, "विचारतायत, तुमच्याकडे बायका काय करतात?"

मी ओवीबद्दल सांगितलं. जातं कसं असतं ते हाताने फिरवून दाखवलं. त्यांच्याकडेही दगडी जातं होतंच, सातू दळायला. हाज्जांनी लगेच ओळखलं आणि दुसऱ्या बाजूने खुंटा धरल्यासारखा हात पुढे केला. आम्ही दोघी नसलेलं जातं फिरवू लागलो. आजी म्हणायची ती ओवी मला एवढीच आठवली:

दळान सरलं बाई, हात जात्याचा सुटंना
मनातली गोस्ट माझ्या, ओठाभाईर पडंना

चाल चुकली. आवाज फाटला. मी अर्थ सांगितला, सुनेने तो त्यांच्या भाषेत नेला, आणि शेजारच्या बाईने, जिचा नवरा गेला होता तिने, पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिने शेवटचा शब्द उचलला. "पडंना," ती म्हणाली. पुन्हा, "पडंना." तिच्या उच्चारात प नव्हता, "बडंना" झालं होतं. ती तो एकच शब्द बराच वेळ गिन्नाव्याच्या चालीत घोळवत राहिली. खोलीत दुसरं कुणी बोललं नाही.

पहाटे आरडाओरडा ऐकून जाग आली. मला वाटलं काहीतरी झालं. बाहेर आले तर सगळं घर अंगणात, आणि हाज्जा छतावर. कशा चढल्या कुणास ठाऊक. पदर वाऱ्याने फडफडत होता, तोंड उत्तरेला. मी जिन्याने वर गेले. तिथून समुद्र दिसला, राखाडी, उसळलेला, आणि त्याच्यावर वायव्येकडून काळी भिंत सरकत येत होती. हाज्जा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होत्या, जसे माझे आजोबा मृगात पश्चिमेला बघायचे. त्यांनी माझा हात धरला आणि मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. खालून सुनेने ओरडून भाषांतर केलं: "म्हणतायत, टाक्याच्या तोंडावरचा दगड काढलाय का विचार!"

दगड काढला होता. यजमान आणि त्याची पोरं उतारावरच्या दगडी ओळींमधलं गवत ओढून काढत होती. माझा नवराही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्यात होता. पाऊस अर्धा तास पडला असेल. उतारावरून गढूळ पाण्याच्या बारीक धारा एकत्र होत टाक्याच्या तोंडाशी आल्या, आणि आतून तो आवाज आला, भरत जाणाऱ्या पोकळीचा, घुमणारा.

आम्ही निघालो तेव्हा ऊन पडलं होतं आणि सगळे ट्रॅक्टरच्या गडबडीत होते. सातू पेरायचा होता, पाहुण्यांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ते मला आवडलं. मी घरून आणलेलं चहाचं मोठं पाकीट काल रात्रीच हाज्जांच्या हातात दिलं होतं. आज त्यांनी एक डबा माझ्या मांडीवर ठेवला, वर जुनं फडकं बांधलेलं. आत सातूचा पेंढा, आणि पेंढ्यात अंडी.

वाटेत रास अल-हिक्माजवळ रस्त्याचं काम चालू होतं, गाडी बराच वेळ खडखडत गेली. मी डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. अलेक्झांड्रियाला पोचल्यावर स्वयंपाकघरात फडकं सोडलं आणि एकेक करून मोजली. अठरा होती. येक फुटलेलं नव्हतं.